बाराव्या डब्यानंतर: एका कुलूपबंद चिपचं प्रकरण

सत्तरी तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात गर डबाबंद करायचं जुनं यंत्र आहे. भरलेला पत्र्याचा डबा टोपाखाली सरकवायचा आणि हिरवं बटण दाबायचं. यंत्र डब्यातली हवा ओढून घेतं, थोडं थांबतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, पुन्हा हवा ओढतं, पुन्हा वायू भरतं. झाकणात मुद्दाम ठेवलेलं बारीक भोक मग डाख देऊन बंद करतात. आपल्याकडच्या पावसात उघडा राहिलेला काजूगर बघता बघता मऊ पडतो आणि पुढे खवट होतो. त्यामुळे हे एक यंत्र अडलं की सोलणीपासून पुढचं सगळं काम तुंबतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मालकांचा फोन आला. यंत्र मधूनच थिजतं, पंप चालूच राहतो, बटणं दाबून काही होत नाही. मेन स्विच बंद करून पुन्हा लावला की सुरळीत. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, मालाच्या ऑर्डरी घेऊन झाल्या होत्या. "बाब, तुम्ही एकदा येऊन बघाच," असं म्हणाले. मी फोंड्यात पॅनेल दुरुस्तीचं दुकान चालवतो. फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा भाचा सुट्टीच्या दिवशी हाताशी असतो. त्याला घेऊन वाळपईच्या वाटेला लागलो.

अशा तक्रारीत आधी तपासायचं ते सगळं तपासलं: पुरवठ्याचे कपॅसिटर, रिलेचे काळे पडलेले पॉइंट, अर्थिंग, सैल झालेले कनेक्टर. पुरवठा ५.१ व्होल्ट, जागचा हलत नव्हता. दोन तास आम्ही तिथे घाम गाळत होतो आणि डबे सरकवणाऱ्या मावशी बाजूला उभ्या राहून बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "बारा डबे जाले की ताची तकली फिरता." बारा डबे झाले की त्याचं डोकं फिरतं.

भिंतीवर त्यांनी खडूने रेघा ओढून ठेवल्या होत्या. प्रत्येक बंद पडण्याआधी किती डबे झाले, त्याची नोंद. मे महिन्याच्या रेघा वाकड्यातिकड्या: कधी चाळीस, कधी सत्तर, कधी दिवसभर काहीच नाही. जूनमध्ये वीस, सतरा, पंचवीस. जुलैत मात्र बारा, बारा, बारा. तेराव्या डब्याला यंत्र थिजलंच. त्या रेघांचा मी फोटो काढला. पुढच्या सगळ्या कामात त्याच्याइतकी नेमकी नोंद दुसरी कुठलीच हाती नव्हती.

सैल तार किंवा गंजलेला पॉइंट मोजून बारा डबे थांबत नाही. मोजदाद ठेवून बिघडतो तो प्रोग्रॅम.

खिडकी आणि ऊन

पॅनेलच्या दाराची बिजागरी कधीची तुटलेली, दार भिंतीला टेकवून ठेवलेलं. समोर पश्चिमेची खिडकी. आत बोर्डवर चाळीस पायांची सिरॅमिकची चिप होती, मधोमध गोल काचेची खिडकी असलेली. त्या खिडकीवर असायला हवा तो काळा चिकटपट्टीचा तुकडा वाळून, गुंडाळून पॅनेलच्या तळाशी पडला होता. तो उचलला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

ती चिप ८७५१. इंटेलने १९८० साली आणलेल्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरचं, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या एका चिपेतल्या संगणकाचं, हे ईप्रॉम (अतिनील प्रकाशाने पुसता येणारी मेमरी) असलेलं भावंड; ४ किलोबाइट प्रोग्रॅम चिपच्या पोटातच राहतो. ईप्रॉमची कल्पना १९७१ साली इंटेलमध्ये डॉव्ह फ्रोमन यांनी प्रत्यक्षात आणली. प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर असतो आणि त्याच्या आत चहूबाजूंनी ऑक्साइडने वेढलेलं एक तरंगतं गेट. बिट लिहायचा म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन त्या गेटवर इलेक्ट्रॉन ढकलायचे. एकदा आत गेलेले इलेक्ट्रॉन ऑक्साइडची भिंत ओलांडू शकत नाहीत, वर्षानुवर्षं तिथेच राहतात. लिहिलेला बिट वाचताना ० येतो, रिकामा बिट १ येतो. कोऱ्या चिपमध्ये म्हणून सगळीकडे एफएफ, म्हणजे बाइटातले आठही बिट १, दिसतं.

ती भिंत ओलांडायला इलेक्ट्रॉनला साधारण ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. मर्क्युरी दिव्याच्या २५३.७ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशातला एकेक फोटॉन ४.९ घेऊन येतो, म्हणून त्या दिव्याखाली चिप वीस-पंचवीस मिनिटांत कोरी होते. पण ४०० नॅनोमीटरच्या खालचा कुठलाही प्रकाश थोडं थोडं हेच काम करतो. ८७५१च्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे: खिडकी उघडी ठेवली तर थेट उन्हात सुमारे एका आठवड्यात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात सुमारे तीन वर्षांत चिप पुसली जाऊ शकते. या चिपवर रोज दुपारी काचेतून गाळून आलेलं ऊन पडत होतं, वर ट्यूबलाइट होतीच. सगळे बिट एकाच वेळी जात नाहीत. चार किलोबाइट म्हणजे ३२,७६८ बिट. त्यांतला जो सगळ्यात कमकुवत, तो आधी जातो. मावशींच्या खडूच्या रेघांमध्ये मला एक बिट हळूहळू विझताना दिसत होता.

खिडकीवर लगेच अॅल्युमिनियमची पट्टी चिकटवली आणि मालकांना सांगितलं, यंत्र जमेल तितकं बारा-बारा डब्यांनी बंद-चालू करून वापरा, पण चिपला हात लावू नका.

कुलूप

चिपमधला प्रोग्रॅम वाचून घ्यायचा, बिघडलेला बिट दुरुस्त करायचा आणि नव्या चिपमध्ये भरायचा, इतका साधा बेत होता. तो सिक्युरिटी बिटापाशी अडला. ८७५१मध्ये असा एक बिट असतो; तो लिहिला की बाहेरून प्रोग्रॅम वाचता येत नाही. यंत्र बनवणाऱ्याने तो लिहिला होता. कुलूप काढायचा अधिकृत मार्ग म्हणजे दिव्याखाली ठेवून चिप पूर्ण पुसणे, आणि त्यात प्रोग्रॅमही जातो.

यंत्र बनवणारा कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. पुरवठादाराचा पत्ता लागला, पण त्यांच्याकडे प्रोग्रॅमची प्रत नव्हती. मालकांनी विचारलं, पीएलसी (यंत्रं चालवायचा बाजारात मिळणारा तयार कंट्रोलर) बसवून नवाच प्रोग्रॅम लिहिला तर? प्रश्न रास्त होता. झडपांचा क्रम मी चार दिवसांत लिहून दिला असता. पण निर्वाताचं मोजमाप करणारा सेन्सर सरळ रेषेत चालणारा नव्हता. त्याचे आकडे खऱ्या दाबात बदलायचा तक्ता चिपच्या आत होता आणि त्या सेन्सरचं माहितीपत्रक कुठेच मिळेना. तो तक्ता हवा होता.

इथे हक्काबद्दल दोन शब्द, कारण असं काम हातात घेताना मी हे आधी स्वतःशी पक्कं करतो. यंत्र मालकांनी विकत घेतलेलं, चिप त्यांची, प्रोग्रॅम त्यांच्याच यंत्रात चालवायचा. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नाश किंवा नुकसानीपासून बचाव म्हणून प्रत काढायची मुभा देतं. इथे नुकसान समोर चालू होतं. दुसऱ्याच्या मालाची नक्कल करून विकण्यासाठी कुणी याच पद्धतीने चिप उघडायला सांगितली, तर मी नाही म्हणतो आणि पुढेही म्हणेन.

सिक्युरिटी बिट हाही शेवटी एक ईप्रॉमचा ट्रान्झिस्टरच. प्रोग्रॅमच्या बिटांवर सावली धरून फक्त त्याच्यावर प्रकाश पाडला तर तो एकटा पुसला जाईल आणि प्रोग्रॅम शाबूत राहील. ही युक्ती माझी नव्हे. रॉस अँडरसन आणि मार्कुस कून या सुरक्षा-संशोधकांनी १९९६ साली चिपच्या सुरक्षिततेवर लिहिताना ती जुनी, ठाऊक असलेली गोष्ट म्हणून नोंदवली आहे. पुढच्या काळात चिप बनवणारे सावध झाले. काहींनी कुलपाचा बिट प्रोग्रॅमच्या बिटांमध्येच मिसळला, काहींनी त्यावर धातूचं छप्पर घातलं. अँड्र्यू 'बनी' हुआंग या हार्डवेअर-तज्ज्ञांनी पिक १८एफ१३२० या चिपवर ते छप्परही चुकवलं: प्रोग्रॅमच्या भागावर चिकटपट्टीचा तुकडा ठेवला आणि चिप तिरकी धरून प्रकाश छपराखाली परावर्तित केला. आमच्या चिपला तर आयती खिडकी होती. अॅसिडने प्लॅस्टिक खणायचं संकट नव्हतं.

सराव

मूळ चिप एकच. ती पुसली गेली तर सगळं संपलं. म्हणून तिच्यावर प्रकाशाचा एक कणही पाडायच्या आधी तशाच दुसऱ्या चिपांवर सगळं करून बघायचं ठरवलं. या प्रकरणातला बहुतेक वेळ त्यातच गेला, आणि माझ्या मते खरं काम तेच होतं.

भंगारातून चार ८७५१ मिळाल्या. दोन दिवस त्यांच्यावर खपलो आणि मग भाच्याने शाळेच्या मायक्रोस्कोपखाली खिडकीतून पाहिलं, तर आतली रचनाच वेगळी. नंबर तोच, पण बनवणारा दुसरा. कुलपाचा बिट कुठे आहे हे एकाच्या चिपवरून दुसऱ्याच्या चिपबद्दल सांगता येत नाही; ते दोन दिवस फुकट गेले. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुन्या साठ्यातल्या, अक्षरशः तेच छाप असलेल्या पाच चिपा मागवल्या. खिडकीतून दिसणारी रेघ न् रेघ मूळ चिपशी जुळली तेव्हाच पुढे गेलो.

या जुन्या चिपांत लिहायला २१ व्होल्ट लागतात. आजचे स्वस्त प्रोग्रॅमर, म्हणजे चिपमध्ये प्रोग्रॅम भरायची उपकरणं, तेवढं देत नाहीत. एका निवृत्त सरांच्या कपाटात जुना प्रोग्रॅमर निघाला आणि त्यांनी तो कसलेही आढेवेढे न घेता दिला. वाचायला मात्र २१ व्होल्टांची गरज नसते. चार ते सहा मेगाहर्ट्झचं क्रिस्टल चालू ठेवायचं, रीसेटच्या पायावर पाच व्होल्ट, पीसेन नावाच्या पायावर शून्य, पत्ता पोर्ट १ आणि पोर्ट २वर द्यायचा आणि पोर्ट ०वर बाइट वाचायचा. पोर्ट ०ला आतून ओढ नसते, त्यामुळे आठही तारांना दहा-दहा हजार ओहमचे रेझिस्टर पाच व्होल्टला जोडावे लागतात. हे विसरलं तर वाचलेलं सगळं निरर्थक येतं, आणि माणूस उगाच चिपला दोष देत बसतो.

सरावाच्या प्रत्येक चिपमध्ये सगळीकडे ०० लिहिलं आणि कुलूप लावलं. ०० अशासाठी की मग प्रत्येक बिटात इलेक्ट्रॉन भरलेले असतात. प्रकाश चुकून कुठेही पोचला तर तिथे १ उगवतो आणि चोरवाट लगेच कळते.

दिवा म्हणून पाणी शुद्ध करायच्या घरगुती यंत्रातली ११ वॅटची यूव्ही ट्यूब घेतली. तिची काच २५४ नॅनोमीटर बाहेर सोडते. साधी काच किंवा अॅक्रिलिक तो प्रकाश अडवतं. मायक्रोस्कोपखाली ईप्रॉमचा भाग ओळखायला अवघड नाही. बाकी चिप म्हणजे मापुशाच्या शुक्रवारच्या बाजारासारखी गजबज, आणि ईप्रॉम म्हणजे नांगरून सारखं केलेलं शेत. त्या शेतावर येईल असा काळ्या चिकटपट्टीचा तुकडा खिडकीवर बसवला, ट्यूब एक इंचावर धरली आणि दहा मिनिटं थांबलो.

कुलूप उघडलं. पण वाचलं तर शेताच्या कडेच्या ओळी एफएफ झालेल्या. प्रकाश पट्टीखाली शिरला होता.

कारण भाच्याने कागदावर काढून दाखवलं. खिडकी आणि चिप यांच्यात सुमारे एक मिलिमीटरची पोकळी. ट्यूब जवळ आणि लांबलचक, म्हणजे प्रकाश सगळ्या बाजूंनी तिरका येणार; मग सावलीची कड धूसर होणारच. दुपारी बाराच्या उन्हात नारळाची सावली जमिनीवर किती रेखीव पडते आणि ढगाळ दिवशी कशी विरघळून जाते, तसंच हे. प्रकाशाचा उगम लहान हवा आणि लांब हवा. पत्र्याची नळी करून ट्यूबचा फक्त १६ मिलिमीटरचा तुकडा उघडा ठेवला आणि चिप ८० मिलिमीटर खाली नेली. मग एक मिलिमीटरच्या पोकळीत धूसर पट्टा ०.२ मिलिमीटरचा राहतो: १६ भागिले ८०. एवढा चालण्यासारखा होता. बदल्यात प्रकाश पंचवीसेक पट कमी झाला आणि आठ-नऊ मिनिटांचं काम साडेतीन तासांवर गेलं.

तेवढ्यावरही माझं समाधान होत नव्हतं. शेत सोडून बाकी सगळं उघडं ठेवण्यापेक्षा कुलपाचा बिट नेमका कुठे आहे ते शोधलं, तर फक्त तेवढंच भोक ठेवता येईल. मग अर्धी-अर्धी खिडकी झाकत गेलो. डावी बाजू उघडी: कुलूप तसंच. उजवी उघडी: उघडलं. उजवीतली वरची अर्धी, मग त्यातली अर्धी. दर वेळी चिप पूर्ण पुसायची, ०० लिहायची, कुलूप लावायचं, पुन्हा तासन्तास दिवा. सहा दिवस गेले. शेवटी अॅल्युमिनियमच्या कागदाला सुईने पाडलेलं भोक, शेतापासून चांगलं दूर, चिपच्या कडेजवळ. कागदाच्या कडा काळ्या नेलपॉलिशने बंद केल्या. या झाकणाने तीन चिपांचं कुलूप ३ तास २० मिनिटं ते ३ तास ४० मिनिटं या वेळात उघडलं. त्यातली एक चिप नंतर नऊ तास दिव्याखाली ठेवली, तरी शेतातला एकही ० हलला नाही.

याच दिवसांत एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. भोक सरळ रेषेत आहे का हे पाहायला मी चालू ट्यूबकडे उघड्या डोळ्यांनी वाकून दोन-तीनदा बघितलं. त्या वेळी काहीच जाणवलं नाही. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन जाग आली, पाणी थांबेना. वेल्डिंगवाल्यांना होतो तोच त्रास. डॉक्टरांनी औषध दिलं, दोन दिवसांत उतरलं. त्यानंतर ट्यूबभोवती लाकडी पेटी केली आणि तिच्या झाकणाला असा स्विच लावला की झाकण उघडलं की दिवा बंद. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. पोरगा शेजारी उभा होता.

मूळ चिप

कारखान्यातून मूळ चिप आणली तो दिवस धो धो पावसाचा. आधी प्रकाशाविना एक प्रयत्न केला. उन्हाने कुलपाचा बिटही कमकुवत झाला असेल, तर पुरवठा ५.५ व्होल्टपर्यंत चढवून तो रिकामा वाचला जाईल का? नाही झालं. पण त्या विचारातून एक गोष्ट लक्षात आली. कुलपाने तेच ऊन खाल्लंय जे प्रोग्रॅमने खाल्लंय. म्हणजे ही चिप सरावाच्या चिपांपेक्षा लवकर उघडेल, आणि तिच्या प्रोग्रॅममध्ये चुका सोसायची ताकदही तेवढीच कमी असेल. म्हणून साडेतीन तासांचा हिशेब बाजूला ठेवला. दहा-दहा मिनिटांनी वाचायचं, आणि उघडलं की त्याच क्षणी थांबायचं.

चौथ्या फेरीत वीज गेली. सत्तरी काय आणि फोंडा काय, जुलैत हे चालायचंच. पण ट्यूब पुन्हा लावल्यावर पूर्ण तेजावर यायला दोन-तीन मिनिटं घेते. घड्याळाची मिनिटं आणि चिपने घेतलेला प्रकाश यांचा मेळ राहत नाही. मग दिवा आधी तापू द्यायचा आणि मध्ये सरकवलेला पत्रा काढून वेळ मोजायला लागायचं, असं केलं. वीज आणखी दोनदा गेली.

२ तास १० मिनिटं भरल्यावर तेरावं वाचन घेतलं. स्क्रीनवरचे पहिले तीन बाइट: ०२ ०० ३०.

०२ म्हणजे ८०५१च्या भाषेत लांब उडी, पुढचे दोन बाइट उडीचा पत्ता. असे प्रोग्रॅम बहुधा असेच सुरू होतात. भाचा खुर्चीवरून उठून उभा राहिला. मी आधी दिवा बंद केला, खिडकी पूर्ण झाकली आणि मगच पुढचे बाइट बघितले.

०२ आणि १२

आता हाती प्रत आली होती, पण ती बिघडलेल्या चिपची प्रत होती. चार हजार बाइटांत चूक कुठे ते शोधायचं होतं. ईप्रॉमचा स्वभाव इथे कामी आला. चार्ज गळतो तेव्हा ०चा १ होतो. १चा ० होत नाही. शिवाय अर्धवट गळलेला बिट पुरवठ्याच्या व्होल्टेजप्रमाणे रंग बदलतो. वाचताना गेटवर पुरवठ्याचंच व्होल्टेज येतं. ते कमी असेल तर थोडे उरलेले इलेक्ट्रॉनही ट्रान्झिस्टर बंद ठेवतात आणि ० वाचला जातो. जास्त असेल तर तोच बिट १ म्हणून येतो. चिपला ४.५ ते ५.५ व्होल्ट चालतात, म्हणून आम्ही ४.५, ५ आणि ५.५वर प्रत्येकी दहा वेळा सगळी चिप वाचली.

४.५ची दहाही वाचनं अगदी एकसारखी. ५वर एक बिट वेगळा. ५.५वर एकोणीस बिट वेगळे, आणि सगळे ०कडून १कडे गेलेले. एकही उलट नाही. हे बघून फार बरं वाटलं, कारण तिन्ही वाचनं एकमेकांशी खोटं बोलत नव्हती.

५वर बदलणारा तो एकटा बिट ज्या बाइटात होता, तो ४.५वर ०२ वाचला जात होता आणि ५वर १२. बिटांत लिहिलं तर ००००००१० आणि ०००१००१०. ०२ म्हणजे उडी मारून जा. १२ म्हणजे परत यायचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या थप्पीवर, ठेवून जा. ही सूचना हिरवं बटण दाबल्यावर डब्याच्या चक्राकडे नेणारी होती. ५.१ व्होल्टवर यंत्र ती १२ वाचत होतं. प्रत्येक डब्याला परतीचा पत्ता, म्हणजे दोन बाइट स्टॅकवर पडत होते आणि ते उचलणारं कुणीच नव्हतं.

मावशींच्या आकड्याशी ताळा घातला. प्रोग्रॅम सुरुवातीला स्टॅक ५एफ या पत्त्यावर ठेवतो. ८७५१ची रॅम १२८ बाइटची, म्हणजे स्टॅकला ६०पासून ७एफपर्यंत (हे पत्ते सोळाच्या मोजणीतले) ३२ बाइट. त्यातले आठ बाइट चालू कामाला लागतात: चार उपप्रोग्रॅमांच्या दोन पातळ्यांना आणि चार टायमरच्या इंटरप्टला, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून होणाऱ्या कामाला. उरले चोवीस. डब्याला दोन, म्हणजे बारा डबे. तेराव्या डब्याला स्टॅक रॅमच्या बाहेर जातो आणि परतीचा पत्ता म्हणून भलतंच काही उचललं जातं. मे महिन्यात तो बिट उंबरठ्यावर होता, कधी ० कधी १. म्हणून तेव्हाच्या रेघा अनियमित.

हे आधी कळलं असतं तर पुरवठा ५.१वरून ४.६वर उतरवूनही काही आठवडे निघाले असते, हे मी मालकांना प्रामाणिकपणे सांगितलं.

४.५ची प्रत खरी धरून ती ८९एस५१ या फ्लॅश चिपमध्ये भरली. पाय तेच, सूचना त्याच, रॅमही १२८ बाइट. दुकानात ८९एस५२ हाताशी होती, ती मुद्दाम वापरली नाही. तिची रॅम २५६ बाइटची आहे. बिघडलेली प्रत तिच्यात चढवली असती तर बारा डब्यांऐवजी शहात्तर डबे नीट गेले असते. वीस-पंचवीस डब्यांच्या चाचणीत यंत्र बरं झालं असं वाटलं असतं आणि आम्ही घरी गेलो असतो. नंतर मुद्दाम बिघडलेली प्रत ८९एस५१वर टाकून बघितली. यंत्र तेराव्या डब्याला थिजलं, तेव्हा निदानाची खात्री पटली.

दाबाच्या तक्त्याचं काम त्यानंतर दोन दिवस चाललं. ५.५वर डळमळणाऱ्या एकोणीस बिटांपैकी तीन तक्त्यात होते. ४.५ची वाचनं एकसारखी असली तरी एखादा बिट सगळ्याच व्होल्टेजवर १ होण्याइतका गळला असेल, तर तो या पद्धतीने सापडत नाही. म्हणून तक्त्याचे २५६ आकडे आलेखावर काढले. वक्र रेषा सलग होती, एक जागा सोडून. तिथे एक आकडा शेजाऱ्यांपेक्षा बरोबर आठाने वर होता. आठ म्हणजे एकच बिट, आणि वर म्हणजे ०चा १. डायलचं निर्वात मापक जोडून त्या दाबाला खरं काय येतं ते चार वेळा मोजलं. मापक शेजाऱ्यांच्या बाजूने बोललं. तो एक बाइट आम्ही हाताने आठाने कमी केला. अख्ख्या प्रतीत आमच्या हातचा बदल तेवढाच, आणि तो तारखेसह कागदावर लिहून पॅनेलच्या दारामागे चिकटवला आहे.

दाराला नवी बिजागरी बसवली. मूळ चिप खिडकीवर दोन पट्ट्या लावून, काळ्या फोममध्ये खोचून मालकांच्या कपाटात आहे, ४.५, ५ आणि ५.५ व्होल्टची तीसही वाचनं एका पेनड्राइव्हवर तिच्याजवळ ठेवली आहेत. मावशींनी भिंतीवरच्या रेघा पुसल्या नाहीत. चवथीच्या आठवड्यात गेलो तेव्हा त्यांनी खाली नवीन ओळ सुरू केली होती, रोजच्या डब्यांची.